नावाआधी

गणपती पेठेच्या मागच्या बोळात
भूपाल मगदूमचा छापखाना.
भिंतीवर पुराच्या दोन रेघा, तारखांसकट.
वरची माझ्या डोक्यावरनं जाते.
तिच्याखाली स्टूल, स्टुलावर मी,
हातात चिठोरं:
कल्याणी हणबर. निवेदन, सूत्रसंचालन.
खाली मोबाइल नंबर. बस्स.

भूपाल चष्म्यावरनं बघतो.
"नावाआधी काय लावू? कु. का सौ.?"

मी म्हणते, शंभर कार्डांचे किती होतील?
तो थांबतो.
थांबू दे. थांबण्यावरच तर माझं पोट आहे.
पाहुण्यांची गाडी अजून अंकली नाक्यावर,
जनरेटर धापा टाकतोय, पोरं शिट्ट्या घालतायत,
अशा वेळी विटा ते आटपाडी एवढं अंतर
मी दोन विनोदांत भरून काढलंय.

कुणाचीही ओळख करून देते मी.
सोसायटीचा चेअरमन, तोंडातनं शब्द फुटत नाही,
तो 'मितभाषी'.
तीनदा पडलेला उमेदवार 'अनुभवी'.
कवठेमहांकाळला तर एका बैलाची करून दिली,
एकवीस मैदानं मारलेला,
त्याच्या गळ्यात हार पडला
आणि माझ्या हातात नारळ.

नारळ एका वेळी घरात अकरा होते.
शाली सदतीस, त्यांची मी गोधडी शिवली,
पांघरली की सत्कार झाल्यासारखी झोप लागते.
पाकीट तिथल्या तिथं उघडायचं नसतं
म्हणून रिक्षात उघडायचे, विश्रामबाग यायच्या आत.
दोनशे एक.
तो वरचा एक तेवढा मनापासून दिलेला वाटायचा.

आता फोनवरच सांगते:
तीन हजार, जाण्यायेण्याचं वेगळं, निम्मे आगाऊ.
पहिल्यांदा सांगितलं तेव्हा जीभ टाळूला चिकटली होती.
पलीकडचा म्हणाला, "ताई, तुम्ही तर घरच्याच की."
घरच्याच.
घरनंच तर निघाले होते,
एक बॅग घेऊन, इस्लामपूरच्या शेवटच्या गाडीनं.

"सांगा की," भूपाल म्हणतो. "मॅटर अडलंय."

कु. छापलं होतं पलूसवाल्यांनी,
तर स्टेजमागं एक काकू स्थळ घेऊन आल्या.
सौ. छापलं, तर मिस्टर काय करतात.
तासगावात कुणी शहाण्यानं श्रीमती टाकलं.
हळदीकुंकवाचा कार्यक्रम, खेळ मीच घेत होते,
उखाणे, फुगे, पैठणीची सोडत,
हशा असा की मांडव हलला.
मग तबक फिरलं.
माझ्यासमोर आल्यावर त्या बाईचं बोट
करंड्यात नुसतंच फिरत राहिलं.
सांगलीची हळद साऱ्या मुलखात जाते,
माझ्या कपाळापासून वीतभर अलीकडं ती थबकली.
मी माइक वर केला आणि म्हणाले,
चला, आता पुढची जोडी!
आवाज जराही हलला नाही.
त्याचेच तर पैसे घेते.

"काही लावू नका," मी म्हणते.
"अहो, जागा मोकळी दिसंल."
"दिसू दे."

तो नाव उचलून मधोमध ठेवतो,
मग जरा डावीकडं, मग परत मधोमध.
स्क्रीनवर माझं नाव
अनवाणी उभं असल्यासारखं दिसतं.
बघायची सवय नाही, एवढंच.

तेवढ्यात फोन वाजतो. जतचा नंबर.
"नमस्कार, कल्याणी हणबर बोलतेय."
हा आवाज वेगळा निघतो, पोटातनं,
मला स्वतःलाच कधी कधी नवल वाटतं त्याचं.
भूपाल हळूच झेरॉक्स मशीन बंद करतो.
तारीख, वेळ, मानधन. हो, आगाऊ.
नाही, त्यात काही कमी होणार नाही.

फोन ठेवते, तर तो खाकरतो.
"धाकट्या भावाच्या पोरीचं बारसं आहे, माधवनगरला.
घरच्या कार्यक्रमाला किती घेता?"

"तीन हजार," मी म्हणते.
"निम्मे आगाऊ."

तो गल्ल्याचा ड्रॉवर ओढतो, पंधराशे मोजतो,
त्यातनं कार्डांचे साडेतीनशे काढून घेतो
आणि पावतीवर लिहायला लागतो.
पेन क्षणभर वरच राहतं.
मग सरळ 'क'.